फिजीची नामवंत माणसं: विजय सिंगच्या पुढे कोण कोण?

सागरवेडी
नमस्कार मंडळी. आपल्याकडे फिजी म्हटलं की हनिमून पॅकेज, यापुढे गाडी जात नाही. देश जेमतेम नऊ लाख वस्तीचा, तीनशेवर बेटं, त्यातही बहुतेक लोक वीती लेवू आणि वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवर. पण एवढ्याशा देशातनं नाव काढलेली माणसं किती निघाली हे शोधायला बसलं की थक्क व्हायला होतं. तिथे दोन मोठे समाज आहेत, मूळचे इतौकेई आणि आपल्याकडून गिरमिटिया, म्हणजे करारावरचे मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज, आणि वाचताना मला असं जाणवलं की दोन्हीकडची मंडळी आपापली नावं सांगतात, एकमेकांची फारशी सांगत नाहीत. म्हणून हा धागा. खेळ, राजकारण, लष्कर, लेखन, कायदा, काहीही चालेल. फक्त नुसती यादी टाकू नका, त्या माणसाने काय केलं आणि तो तुम्हाला का मोठा वाटतो ते लिहा.

बंडूनाना
विजय सिंग. दुसरं नाव सुचलं की येतो परत :)

अठरावं_होल
नाना, नाव बरोबर आहे पण त्याची गोष्ट फार थोड्यांना माहिती असते म्हणून लिहितो. जन्म १९६३ चा, लौटोकाचा, लहानपण नांदीत (नकाशावर नाडी वाचाल, म्हणतात नांदी). वडील विमानदुरुस्तीच्या कामात, गोल्फ त्यांनीच शिकवलं. १९८५ साली आशियाई टूरवर स्कोअरकार्डात फेरफार केल्याचा आरोप होऊन बंदी आली, आरोप त्याने कायम नाकारला. मग बोर्निओतल्या एका आडबाजूच्या क्लबवर शिकवण्या करत दिवस काढले. एखादा तिथेच संपला असता. हा तिथून उठला आणि १९९८ ची पीजीए चॅम्पियनशिप, २००० ची मास्टर्स, परत २००४ ची पीजीए. त्या २००४ मध्ये तर नऊ स्पर्धा जिंकला, एका सीझनमध्ये एक कोटी डॉलरच्या वर कमावणारा पहिला गोल्फर झाला आणि सप्टेंबरात टायगर वूड्सला एक नंबरवरून खाली खेचलं, जिथे टायगर सलग पाच वर्षं बसून होता. पीजीए टूरवरच्या त्याच्या ३४ विजयांपैकी २२ चाळिशीनंतरचे आहेत. बाकीचे हॉटेलवर जाऊन जेवले तरी हा रेंजवर बॉल मारतोय अशी त्याची ख्याती. मला तो त्या मेहनतीसाठी मोठा वाटतो.

ऑकलंडकर_अण्णा
मी साऊथ ऑकलंडला राहतो, आमच्या गल्लीत फिजीची चार घरं आहेत, दोन इतौकेई आणि दोन हिंदुस्तानी, आणि चारही घरात तुमचा प्रश्न विचारलात तर एकच उत्तर येईल, वाइसाले सेरेवी. सागरवेडी ताई, तुमचं ते एकमेकांची नावं न घेण्याचं निरीक्षण रग्बीला लागू नाही बरं का.

सेरेवी चणीने लहान, रग्बीवाला वाटणारच नाही, पण सेव्हन्समध्ये, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीत, बॉल हातात आला की समोरच्याला कळायचंच नाही हा डावीकडे जाणार की उजवीकडे. १९९७ आणि २००५ असे दोन सेव्हन्स वर्ल्ड कप त्याने आणले, दोन्ही हाँगकाँगला. त्याला बघत मोठी झालेली पोरं पुढे रिओला गेली. २०१६ ची फायनल, ग्रेट ब्रिटनला ४३-७. फिजीचं ऑलिंपिकमधलं हे पहिलंच मेडल, कुठल्याही खेळातलं, आणि तेही थेट सोनं. मेडल द्यायला ब्रिटनची प्रिन्सेस अ‍ॅन होती. एकेक खेळाडू तिच्यासमोर गुडघ्यावर बसून मेडल घेत होता, मान देण्याची त्यांची ती रीतच आहे, आणि मग सगळ्यांनी मिळून खड्या आवाजात चर्चमधलं भजन म्हटलं. मी त्या दिवशी शेजाऱ्यांकडे होतो, आजोबांपासून नातवापर्यंत सगळे रडत होते, मीही.

सरकारने २०१७ मध्ये चक्क सात डॉलरची नोट काढली. कॅप्टन ओसेआ कोलिनिसाऊ तिच्यावर आहे. नंतर टोकियोला न्यूझीलंडला २७-१२ हरवून परत सोनं, त्यावेळी कॅप्टन जेरी तुवाई, राजधानी सुवाच्या गरीब वस्तीतून आलेला. पॅरिसला फ्रान्सकडून हरून सिल्व्हर. तुवाई तिन्ही वेळा होता. आणि टोकियोला बायकांच्या टीमने ब्राँझ घेतलं ते कृपया विसरू नका.

तर्कसंगत
अण्णा, त्या नोटेवर कोच बेन रायनही आहे आणि तो इंग्लंडचा. उलट जो रोकोकोको नांदीत जन्मला आणि खेळला ऑल ब्लॅक्सकडून, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी टीमकडून, सिवीवातूचं तेच. विजय सिंग कित्येक वर्षं अमेरिकेत राहतो. मग फिजीचा माणूस म्हणजे नक्की कोण? धागा पुढे जायच्या आधी हे ठरवा.

सागरवेडी
तर्कसंगत, मी तरी जन्म, आयुष्य किंवा काम यातलं काहीही तिथे रुजलेलं असेल तर धरते. सोडून गेला म्हणून नाव कापायचं ठरवलं तर फिजीत १९८७ च्या लष्करी बंडांनंतर जे घडलं ते बघता निम्मी यादी कापावी लागेल.

मातीचे_दिवे
ताईंनी १९८७ काढलंच आहे तर मी माझा माणूस सांगतो. प्रोफेसर ब्रिज लाल, इतिहासकार. लांबलचक लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी थोडी पार्श्वभूमी. १४ मे १८७९ ला लिओनिदास नावाचं जहाज कलकत्त्याहून फिजीला पोचलं. तेव्हापासून १९१६ पर्यंत ६० हजारांवर माणसं उसाच्या मळ्यांवर गेली, पाच वर्षांच्या करारावर, त्या अ‍ॅग्रीमेंटचं झालं गिरमिट. सुरुवातीला सगळे उत्तरेकडचे, १९०३ पासून मद्रासकडूनही. ब्रिज लालचे आजोबा त्यातले एक, बहराइचकडचे. हा जन्मला १९५२ साली वानुआ लेवूवर लाम्बासाजवळच्या ताबिया गावात, घरची उसाची शेती, आईबापाला अक्षरओळख नाही. तिथून शिकत शिकत कॅनबेराला पीएचडी.

त्याचं काम ऐका. प्रत्येक गिरमिटियाचा एक पास असायचा. त्यावर नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, ठाणं, गाव आणि अंगावरची खूण. कपाळावर व्रण, डाव्या हातावर गोंदण, असलं. कलकत्त्याहून गेलेल्यांचे असे ४५ हजारांवर पास ब्रिज लालने एकेक करून बघितले आणि कॉम्प्युटरवर चढवले, ते पण सत्तरच्या दशकाच्या शेवटी. तोवर सगळे म्हणायचे की गेले ते सगळे तळागाळातले, कुणाला नको असलेले. पासांनी दाखवलं की तसं नाही, उत्तर हिंदुस्थानातल्या खेड्यात ज्या जातीजमाती होत्या जवळपास त्याच प्रमाणात माणसं गेली, आणि बरेचसे घर सोडून आधीच कामासाठी बाहेर पडलेले होते. ज्या लोकांच्या पोरानातवंडांना आपण कोण, कुठले हे सांगता येत नव्हतं त्यांच्या हातात त्याने कागद ठेवला. माझ्या मते फिजीत याहून मोठं काम कुणी केलेलं नाही.

आणि त्याचं झालं काय? २००९ मध्ये बाइनीमारामाच्या लष्करी सरकारने त्याला देशाबाहेर काढलं, कारण सरकारवर टीका केली. परत येऊ दिलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये ब्रिस्बेनला वारला. सरकार बदलल्यावर, २०२३ मध्ये बायकोने त्याच्या अस्थी ताबियाला नेल्या. आपल्या लोकांचं नावगाव शोधून देणाऱ्याला स्वतःच्या गावी जायची बंदी, हे वाचून मला आजही संताप येतो.

कोकणची_माय
मातीचे_दिवे, फार सुंदर लिहिलंत. आपली मराठी माणसं होती का हो त्यात?

मातीचे_दिवे
माय, मळ्यांवर मराठी वस्ती उभी राहिली असं काही दिसत नाही. पण गिरमिट बंद करण्यात मराठी माणूस नक्की आहे, गोपाळ कृष्ण गोखले. मार्च १९१२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये ही पद्धत सबंध बंद करा असा ठराव मांडला. सरकारी मतांच्या जोरावर तो पडला, गोखले १९१५ मध्ये गेले, पण १९१६ ला मालवीयांनी तोच मुद्दा पुन्हा लावून धरला आणि सरकारला तत्त्वतः मान्य करावा लागला. १ जानेवारी १९२० ला उरलेले सगळे करार रद्द.

आणि यात दोन साधी माणसं आहेत ज्यांची नावं मी या यादीत हक्काने घालणार. एक तोताराम सनाढ्य, १८९३ ला गिरमिटिया म्हणून गेला, २१ वर्षं राहिला, परत येऊन तिथले हाल छापले, पुस्तक घराघरात वाचलं गेलं. दुसरी कुंती. १९१२ साली केळीच्या बागेत मुकादमाने एकटीला काम देऊन अंगावर हात टाकला तेव्हा ती हिसका देऊन पळाली आणि सरळ नदीत उडी मारली. एका पोराने होडीतून येऊन वाचवलं. तिची हकीकत १९१३ मध्ये भारतमित्र या कलकत्त्याच्या पेपरात छापून आली आणि इकडे लोक पेटून उठले. शिक्षण नाही, पद नाही, पण तिच्या त्या उडीने जेवढं हललं तेवढं अर्जांनी हललं नव्हतं.

बंडूनाना
मी परत आलोय. महेंद्र चौधरी! फिजीचे पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान. आजोबा हरियाणाचे.

तर्कसंगत
नाना आले म्हणजे राजकारण आलं. पण त्यात सितिवेनी राम्बुकाचं नाव घ्याल का? १९८७ मध्ये लष्करात असताना दोन बंडं केली त्याने. १४ मे ला पहिलं, डॉक्टर तिमोथी बावाद्रांचं निवडून आलेलं सरकार महिन्याभरात उलथवलं. १४ मे लिओनिदासची तारीख आहे, १०८ वर्षांनी त्याच दिवशी. त्याआधी देशात निम्मे भारतीय वंशाचे होते, आज एक तृतीयांशच्या आसपास. शिक्षक, डॉक्टर, वकील सगळे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडाला निघून गेले. अशा माणसाला नामवंत म्हणायला माझा ठाम विरोध आहे.

ऑकलंडकर_अण्णा
तर्कसंगत, विरोध समजतो, माझे दोन्ही हिंदुस्तानी शेजारी त्याच लाटेत आले. पण गोष्ट अर्धी सांगू नका. हाच राम्बुका १९९२ मध्ये निवडून आला आणि १९९७ ला विरोधी पक्षनेते जय राम रेड्डींबरोबर बसून नवी घटना केली. ज्या आयोगाच्या शिफारशींवर ती उभी होती त्यात वरच्या प्रतिसादातला ब्रिज लाल होता. रेड्डींना त्यावेळी इतौकेईंच्या मोठ्या सरदारांच्या सभेपुढे बोलायला बोलावलं, तिथे बोलणारा पहिला भारतीय वंशाचा नेता तो. १९९९ च्या निवडणुकीत दोघंही आपटले, चौधरी जिंकले, आणि १९ मे २००० ला जॉर्ज स्पाइट बंदुका घेऊन संसदेत घुसला, चौधरींना ५६ दिवस ओलीस ठेवलं.

माझ्या मते यादीत रेड्डींचं नाव सगळ्यात वर हवं. आपलीच माणसं "विकला गेलास" म्हणत असताना त्यांनी समोरच्याशी हात मिळवला आणि त्याची किंमत मोजली, पक्षाला एक जागा मिळाली नाही. पुढे रवांडाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणावर न्यायाधीश झाले. आणि राम्बुका २०२२ च्या शेवटी परत पंतप्रधान झाला, १४ मे २०२३ ला त्याने १९८७ साठी जाहीर माफी मागितली. शेजारच्या काकू म्हणाल्या, माफी ठीक, पण आमचं घर गेलं ते गेलंच. दोन्ही लिहून ठेवतो.

तर्कसंगत
अण्णा, रेड्डींबद्दल पूर्ण सहमत. राम्बुकावर माझं मत तेच.

मातीचे_दिवे
या भांडणाच्या मुळाशी जमीन आहे, म्हणून रातू सर लाला सुकुना यांचं नाव घ्यायलाच हवं. इतौकेईंमधले पहिले पदवीधर, ऑक्सफर्डचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने घेतलं नाही म्हणून फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये जाऊन लढले, जखमी झाले, फ्रान्सचं शौर्यपदक घेऊन आले. १९४० मध्ये जमिनीसाठी ट्रस्ट बोर्ड झालं ते त्यांनी सरदारांना समजावून पटवल्यामुळे. देशातली ८० टक्क्यांहून जास्त जमीन मूळ कुळांचीच राहिली, विकता येत नाही, ऊसवाला ती भाडेपट्ट्याने कसतो. त्यामुळे इतौकेई जमिनीवरून उखडले गेले नाहीत, हे त्यांचं मोठं कर्तृत्व. आणि पट्टा संपला की पिढ्यान् पिढ्या कसणारा ऊसवाला घर मोडून निघतो, हे त्याच व्यवस्थेचं दुसरं अंग.

कोकणची_माय
जरा अवांतर. अण्णा, ते लोक दालोची पानं नारळाच्या दुधात शिजवतात म्हणे, म्हणजे आपलं अळूच की!

ऑकलंडकर_अण्णा
हो माय, रौरौ म्हणतात. आपल्या फतफत्याचा सख्खा भाऊ, फक्त चिंचगूळ नाही. नीट शिजवलं नाही तर घसा तसाच खवखवतो. शनिवारी बाजारात पानांची जुडी मिळते, त्याच्या वड्या मी केल्यात, शेजारी फस्त करतात.

निवृत्त_सुभेदार
धागा आज वाचला. लष्करातलं कुणीच आलं नाही म्हणून लिहितोय.

कॉर्पोरल सेफानाया सुकानाइवालू, व्हिक्टोरिया क्रॉस. फिजीला मिळालेला हा एकच. २३ जून १९४४, बोगनव्हिल बेट, समोर जपानी. आपली दोन जखमी पोरं त्याने रांगत जाऊन मागे आणली. तिसऱ्याला आणायला गेला आणि परतताना स्वतःच्या जांघेत आणि मांड्यांत गोळ्या बसल्या, हलता येईना. त्याला सोडवायला साथीदार परत परत पुढे येत होते आणि पडत होते. त्याने ओरडून सांगितलं, येऊ नका. ते ऐकेनात. मी जिवंत आहे तोवर ही पोरं मला सोडून जाणार नाहीत हे त्याला कळलं, म्हणून तो मशीनगनच्या समोर मुद्दाम उठून उभा राहिला. याच्यावर मी काही बोलू शकत नाही.

दुसरा सार्जंट तालायासी लाम्बालाम्बा. १९६१ मध्ये ब्रिटिश सैन्याने फिजीतून २०० वर पोरं भरती केली, त्यातला हा. पुढे एसएएस या ब्रिटिश सैन्याच्या खास तुकडीत. १९ जुलै १९७२, ओमानचं मिरबात गाव. एसएएसचे नऊ जण आणि पहाटे अंगावर आलेले काहीशे बंडखोर. किल्ल्याजवळ २५ पौंडी तोफ होती. ती चालवायला पूर्ण क्रू लागतो, भरणारा वेगळा, नेम धरणारा वेगळा. याने एकट्याने चालवली. हनुवटीला गोळी लागल्यावरही चालवत राहिला. वायरलेसवर हे कळलं तसा दुसरा फिजीवाला, सेकोनाया ताकावेसी, उघड्या मैदानातून गोळीबारात पळत त्याच्याकडे गेला, तोही जखमी झाला, तरी खंदकाला टेकून रायफल चालवत राहिला. लाम्बालाम्बा शेवटी छोटी मॉर्टर घ्यायला सरकला तेव्हा मारला गेला. नांदी विमानतळाजवळ त्याचा पुतळा आहे, कुणी फिरायला गेलात तर रिसॉर्टला जायच्या आधी दोन मिनिटं थांबा.

बंडूनाना
सुभेदारसाहेब, सलाम.

म्हापशेकार
सुभेदारांनंतर फुटबॉल लिहायचं म्हणजे अवघड आहे पण रॉय कृष्णाशिवाय ही यादी पुरी होणार नाही. लाम्बासाचा पोर, १९८७ चा जन्म. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन फीनिक्सकडून ऑस्ट्रेलियाच्या २०१८-१९ च्या ए-लीगमध्ये १८ गोल करून गोल्डन बूट घेतला आणि मग सगळ्यांना वाटलं युरोपात जाईल तर आला आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये (आयएसएल), एटीकेकडे, आणि पहिल्याच सीझनला १५ गोल आणि किताब.

२०२०-२१ ला कोविडमुळे सगळी आयएसएल आमच्या गोव्यातच झाली, स्टेडियमं रिकामी, आम्ही फातोर्ड्याच्या इतके जवळ राहून टीव्हीवर बघत होतो. त्याने १४ गोल केले, गोल्डन बॉल त्यालाच. पण १३ मार्चच्या फायनलला मुंबई सिटीच्या बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल घातला आणि त्याचं एटीके मोहन बागान २-१ ने हरलं. इथले मुंबईकर खूश असतील, मला त्या दिवशी रॉयचं वाईट वाटलं. बॉल नसताना धावणं हा त्याचा खरा गुण, डिफेंडर दमून जायचा.

आणि रिओ ऑलिंपिक. फिजी फुटबॉलला पहिल्यांदाच, कोरियाकडून ८-० खाल्ले, आणि पुढची मॅच मेक्सिको, म्हणजे आधीच्या ऑलिंपिकचे सोनेरी चॅम्पियन. रॉयने हेडर मारून फिजीला पुढे नेलं, हाफटाइमला १-० ने पुढे होते! शेवटी ५-१ हरले. पण तो गोल फिजीचा ऑलिंपिकमधला एकमेव आहे.

विधिज्ञा
इतकी नावं झाली आणि कुंती सोडली तर बाई एकही नाही, रग्बीच्या पोरींची एक ओळ. म्हणून माझं नाव, न्यायमूर्ती नझहत शमीम. फिजीच्या हायकोर्टावरच्या पहिल्या महिला न्यायाधीश, १९९९ ला. नंतर जिनिव्हात राजदूत, २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेच्या अध्यक्ष, आणि मग हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात उपसरकारी वकील. नऊ लाखांच्या देशातून तिथवर. राजकारणात जिको लुवेनी, पेशाने दंतवैद्य, २०१४ मध्ये संसदेच्या पहिल्या महिला सभापती.

सागरवेडी
विधिज्ञा, बरं झालं लिहिलंत, ही खंत मलाही होती. मी विचारलं होतं विजय सिंगच्या पुढे कोण, तर तुम्ही सगळ्यांनी मिळून मला महिन्याभराचं वाचन लावून दिलंय. दोन समाजांबद्दल मी सुरुवातीला लिहिलं ते मात्र आता तेवढं ठामपणे लिहिणार नाही, रेड्डी आणि सेरेवी वाचल्यावर. लेखकांपैकी कोणी?

मातीचे_दिवे
सुब्रमणी. सुवाच्या विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, इंग्रजीत उत्तम लिहायचे, आणि २००१ मध्ये डउका पुराण ही जाडजूड कादंबरी फिजी हिंदीत लिहिली, म्हणजे घरात, शेतात, यंगोना (कावा) पिण्याच्या बैठकीत बोलतात त्या बोलीत. शिकलेले लोक त्या बोलीला मोडकीतोडकी म्हणून नाक मुरडायचे. त्यांनी २०१८ ला दुसरी लिहिली, ती तर आणखी मोठी, बाईच्या तोंडून. बेटवाल्यांमध्ये नाव घ्यायचं तर एपेली हाउओफा, घरचा टोंगाचा पण फिजीचा होऊन राहिला. त्याचं म्हणणं, आम्हाला समुद्रात विखुरलेले ठिपके म्हणू नका, समुद्र हाच आमचा देश आहे आणि तो प्रचंड आहे. सुवाला त्याने १९९७ मध्ये कलाकेंद्र काढलं, चित्रकार, नाचणारे, कोरीवकाम करणारे सगळे तिथे.

अठरावं_होल
अजून एक नाव, भारताशी जोडलेलं. इलिएसा देलाना. लहानपणी अपघातात एक पाय गेला. २०१२ लंडन पॅरालिंपिक, उंच उडी, एका पायावर लंगडी घालत धावत यायचं आणि उडायचं. १.७४ मीटर. त्याच उंचीवर आपला कर्नाटकचा गिरीश नागराजेगौडा, तोही १.७४. उंची सारखी, पण देलानाचे चुकलेले प्रयत्न कमी म्हणून सोनं त्याला, गिरीशला सिल्व्हर. आपण गिरीशचं कौतुक केलं, केलंच पाहिजे होतं, पण वरच्या पायरीवर कोण उभा होता हे इथे कुणाला माहिती नव्हतं. फिजीचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं मेडल, पुढे देलाना तिथे क्रीडा खात्याचा सहमंत्री झाला. त्या उड्यांचा व्हिडिओ शोधून बघा, दोघांच्याही.